काकूंच्या बोटांवरच्या रेषा

माझं झेरॉक्सचं दुकान सरकारी कचेरीच्या बरोबर समोर आहे, त्यामुळे माझा स्वभाव बिघडलेला आहे. दिवसभर लोकांना हेलपाटे घालताना बघून तुमचाही बिघडला असता. शेजारी, जिन्याखाली, इस्त्रीवाल्या काकूंचं टेबल. तीस वर्षं त्याच जागी उभं राहूनही त्यांचा स्वभाव काही बिघडला नाही, याचा मला आधी रागच यायचा.

कचेरीत पेन्शनचं काम असो की पासपोर्टचं, आधी यंत्रावर बोटं टेकवायची. यंत्राला रेषा दिसल्या तर तुम्ही तुम्हीच. पण कष्टाच्या माणसाच्या बोटांवर रेषा राहतात कुठे? गवंड्याच्या सिमेंटने जातात, भांडी घासणारीच्या साबणाने जातात. मग खिडकीतून आवाज येतो, "बोटं लागत नाहीत, पुढचे या." अशांसाठी एक वेगळा अर्ज आहे. तो माझ्याकडेच मिळतो. पण त्यावर ज्या साहेबांची सही लागते, त्यांची खुर्ची अकरा महिने रिकामी आहे.

अशी माणसं तोंड पाडून बाहेर आली की काकू हातातला शर्ट बाजूला ठेवून त्यांना हाक मारायच्या. स्टुलावर बसवायच्या, कोमट पाण्यात बोटं बुडवायला लावायच्या, टिपून घ्यायच्या, ग्लिसरीनचा हलका हात फिरवायच्या आणि दहा मिनिटं गप्प बसवायच्या. मग शिकवण. "जोर लावू नका. यंत्र म्हणजे दारावरची घंटा नव्हे. बाळाच्या गालावर ठेवतो ना, तसं बोट ठेवायचं." दहातल्या सहा-सात जणांचं काम व्हायचं. एक म्हातारे गवंडी तर पाचव्या खेपेला पास झाले आणि रस्त्यातच काकूंच्या पाया पडायला निघाले. "अहो आजोबा, कंबर धरेल, मग ती कोण सोडवणार?" असं म्हणून काकूंनी त्यांना मधेच अडवलं.

खुद्द काकूंचं मात्र यात काही चालत नव्हतं. इस्त्री तापली का हे बघायला ओलं बोट तिला टेकवायची त्यांची जुनी सवय. त्यांची बोटं काचेसारखी गुळगुळीत झाली होती. आणि त्यांना पासपोर्ट हवा होता.

त्यांची एकुलती एक लेक दूरदेशी असते. तिकडचे तिचे कागद अजून पक्के नाहीत. एकदा बाहेर पडली की पुन्हा आत घेतीलच असं नाही, म्हणून ती येऊ शकत नाही. नात चार वर्षांची झाली, आणि काकूंनी तिला एकदाही मांडीवर घेतलेलं नाही. रोज दुपारी फोनवर तिला बघायचं, तेवढंच. एकदा फोन ठेवल्यावर त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "अरे, तिच्या डोक्याचा वास कसा असेल रे?" मी उगाच मशीनमधला कागद सारखा करत बसलो.

खिडकीने त्यांना चार वेळा परत पाठवलं. शेवटी एक कातडीचा डॉक्टर म्हणाला, "दोन महिने इस्त्री नको, गरम पाणी नको, साबण नको. रेषा परत येतील."

"दोन महिने मी हात बांधून बसू? आणि गिऱ्हाईक?" काकू म्हणाल्या.

पण गल्लीत बातमी पसरायला वेळ लागत नाही. तिसऱ्या दिवशी ते म्हातारे गवंडी हजर. मग भांडी घासणारी ताई, मग एक निवृत्त ड्रायव्हर. काकूंनी ज्यांची बोटं लावून दिली होती, त्यांनी पाळ्या वाटून घेतल्या. गवंडी आजोबा भिंतीला गिलावा केल्यासारखी इस्त्री करायचे, कोपऱ्यापासून सुरुवात, एकही सुरकुती नाही. ड्रायव्हरने माझी एक कॉलर जाळली आणि वर "ब्रेक लागला नाही" असं म्हणाला. काकू सुती हातमोजे घालून स्टुलावर बसायच्या आणि सगळ्यांना सूचना देऊन देऊन हैराण करायच्या. बोटं लावून घ्यायला कोणी आलं, तर आता तोंडानेच शिकवायच्या.

रोज संध्याकाळी त्या मोजे काढून माझ्या भिंगाखाली बोटं धरायच्या. पन्नासाव्या दिवशी अंगठ्यावर बारीक रेषा दिसल्या. मग तर्जनीवर. मी ओरडलोच. काकूंनी बोट पदराला पुसून पुन्हा भिंगाखाली धरलं. त्या रात्री त्यांनी लेकीला सांगितलं, "येते गं मी. खरंच येते."

ठरलेल्या दिवशी मीही दुकान बंद करून त्यांच्याबरोबर गेलो. खिडकीवर कागद चिकटवला होता: यंत्र दुरुस्तीला गेले आहे. खिडकीतल्या माणसाने पुढची तारीख दिली ती चार महिन्यांनंतरची.

मग माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. पहारेकरी धावत आला. खिडकीतला माणूस हात जोडून म्हणाला, "साहेब, मला शिव्या देऊन यंत्र येणार असेल तर आणखी द्या. इथला पंखासुद्धा मी घरून आणलाय." त्याचाही चेहरा उतरला होता. काकूंनी मला दंडाला धरून बाहेर आणलं.

दुकानात बसल्यावर मी म्हणालो, "चार महिने तर चार महिने. पाळ्या चालू ठेवू."

"नाही रे. प्रत्येकाच्या मागे त्याचं त्याचं काम आहे. दोन महिने केलं त्यांनी, खूप झालं. उद्यापासून मी इस्त्री करणार." पुढे म्हणाल्या, "आता पुन्हा त्या खिडकीचं तोंड बघायचं नाही मला." मग त्यांनी मोजे काढले. "तुझं शिक्क्याचं पॅड दे, आणि मोठा कागद दे. आज रेषा आहेत, तोवर ठसे घे."

मी त्यांच्या दोन्ही पंजांना शाई लावली. त्यांनी जोर न लावता ते कागदावर ठेवले. दहाही बोटं लख्ख उमटली. त्याच दुपारी मी तो कागद लेकीच्या पत्त्यावर पाठवला.

तीन आठवड्यांनी फोन आला तेव्हा काकूंच्या हातात इस्त्री होती आणि बोटं पुन्हा गुळगुळीत. फोन स्पीकरवर होता. लेक म्हणाली, "आई, कागद मिळाला. हिने तुझ्या हातावर हात ठेवला आणि मला विचारलं, 'आजी एवढी मोठी आहे?' तिला वाटायचं, तू फोनमध्ये दिसतेस तेवढीच आहेस."

काकू हसल्या. हसता हसता रडल्या, आणि रडताना इस्त्री उभी करून ठेवायला मात्र विसरल्या नाहीत. फोन संपल्यावर पदराला हात पुसत माझ्या दुकानात आल्या.

"पुढची तारीख कोणती म्हणाला होता रे तो खिडकीतला?"