ताजी मळी

माझं शुद्धलेखन चुकतं आणि अक्षर कोंबडीच्या पायांसारखं आहे. चौथीनंतर पेन धरला तो आताच. ही वही कुणाच्या हाती लागलीच तर माफ करावं.

नवऱ्यानं सोडल्यावर मी वळसंगजवळ भावाकडं राहायला आले. घरामागं दोन गुंठे मोकळी जागा होती. दादा तिथं भाड्याच्या खोल्या बांधणार होता. मी त्याच्याकडं आयुष्यात एकदाच काही मागितलं, भाजी लावायला ती जागा. तो म्हणाला, "बघ एक हंगाम. न्हाय पिकलं तर पाया खांदनार. मग रडायचं न्हाय."

उन्हाळाभर शाळेच्या आवारातला लिंबाचा पाला पोत्यानं आणला. चर खणून पाला, शेण, माती, पुन्हा पाला असे थर दिले. तांदूळ धुतलेलं पाणीसुद्धा वाया घालवलं नाही. रोज सकाळी हात घालून बघायची. पाला काळा, भुसभुशीत झाला त्या दिवशी मूठभर हातात घेऊन कितीतरी वेळ तशीच बसले.

पण तो निम्म्याच जागेला पुरला. साखर कारखान्यात उसाचा रस गाळून जो काळा गाळ उरतो, ती मळी घातली की वांगी तांब्याएवढी येतात, असं बायका म्हणायच्या. वहिनीकडून तीन हजार उसने घेऊन एक ट्रॉली मागवली.

ढिगातून वाफ निघत होती. ही अशीच घालायची का, हे विचारायला मी दारापर्यंत गेले. ट्रॅक्टरवाल्याजवळ दादाचे मित्र उभे होते. पदर सावरून परत आत आले.

त्याच आठवड्यात मळी सगळ्या मातीत कालवली आणि वांगी, मिरचीची रोपं लावली. चौथ्या दिवशी रोपांनी माना टाकल्या. मी पाणी वाढवलं. मग बुडाशी बोट घातलं तर चटका बसला.

शेजारचे म्हातारे मामा कुंपणावरून म्हणाले, "आगं बाई, ताजी मळी हाय ही! चार-पाच म्हैने कुजवावी लागती. कुणाला तरी इचारायचं की."

वहिनी म्हणाली, "वन्सं, घरात चूल हाय की. रोपं भाजायला मागं कशाला गेला?" सगळे हसले. मीही हसले.

दिवाळीपर्यंत हीच मळी निवून चांगलं खत होईल, तोवर थांब, एवढंच दादाला सांगायचं होतं. तीन दिवस वाक्य जुळवलं. जेवण वाढताना दोनदा तोंड उघडलं आणि "आमटी वाढू का" एवढंच निघालं.

मग जेसीबी आला. माझी माती पाल्यासकट उचलून रस्त्याकडंच्या खड्ड्यात टाकली. मी खिडकीतून बघत होते.

आता तिथं तीन खोल्या आहेत. मी पुढच्या कट्ट्यावर विड्या वळते. हप्त्याला पन्नास, कधी शंभर, असे वहिनीला देत गेले. काल शेवटचे दोनशे दिले. "ऱ्हाऊ द्या की वन्सं, घरातलंच हाय," असं म्हणत तिनं नोटा मोजून घेतल्या. तीन हजार पुरते फिटले.