हुस्नाबीचं मत

यवतमाळ लोकसभा मतदारसंघ आता राहिला नाही; वाशीमशी त्याची सोयरीक झाली. त्याचा इतिहास विचारला की लोक खासदारांची नावं घडाघडा म्हणून दाखवतात. मला बाभुळगावची हुस्नाबी आठवते. नवरा गेलेला, बांगड्या भरून पोट भरायची, आणि बाई भारी हट्टी.

सत्तावनच्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे. पडद्याआड जाऊन आपल्या चिन्हाच्या पेटीत चिठ्ठी टाकायची. हुस्नाबीनं दर्ग्यात फूल वाहावं तशी चिठ्ठी पेटीवर अदबीनं ठेवली आणि बाहेर आली. मतदान केंद्रावरच्या साहेबानं चिठ्ठी रद्द केली. दुसरी मागितली तर म्हणाला, "आता पाच वर्षांनी या." हुस्नाबीनं मत दर्ग्याले वाहिलं, असं म्हणून गावानं तिला पाचही वर्षं चिडवलं. तिला ते फार लागलं.

मग बांगड्या भरताना ती प्रत्येकीला शिकवू लागली. हात तिच्या मुठीत, बाई पळते कुठे? माझ्या सासूबाईंचा हात दाबून म्हणायची, "इंदूबाई, चिठ्ठी फटीत टाका. वर ठेवाची नाई."

बासष्ट साली ती सगळ्यांच्या आधी आत गेली, तर पेटी एकच. सगळी चिन्हं चिठ्ठीवरच छापलेली. आपल्या चिन्हावर शिक्का मारून घडी घालायची. तिनं साहेबाकडून पुन्हा पुन्हा समजून घेतलं आणि चिठ्ठी आत पडल्याशिवाय हात काढला नाही. बाहेर रांगेत सगळ्या तिनंच शिकवलेल्या बाया. कोरी चिठ्ठी फटीत टाकून खुशाल घरी गेल्या असत्या. ती एकेकीचा हात धरून नवी रीत सांगत सुटली.

पोलिसानं हटकलं, "बाई, इथं प्रचार नाई चालत."

"कोणाले द्या ते नाई सांगून राह्यली. कसं द्या ते सांगून राह्यली. चुकीचं म्याच शिकवलं, मलेच निस्तरा लागते."

"ते साहेबाचं काम हाये."

"मंग साहेबाले बाहेर बोलवा."

साहेब काही आला नाही. हुस्नाबी हद्दीबाहेर, रस्त्यावर टोपली मांडून बसली आणि मतदान संपेपर्यंत येणाऱ्या प्रत्येकीला अडवत राहिली. भाकर तशीच फडक्यात राहिली.

निकाल लागला. तिचा उमेदवार पडला. सासूबाई हसल्या, "येवढं करून मत वायाच गेलं न, हुस्नाबी?"

"वाया काहून जाईन?" ती म्हणाली. "पडला त्याच्या मतात माझं एक हाये. या खेपी साहेबानं ते मोजलं."