पंखा फिरत असताना गेलेली लाईट

जुना झाला म्हणून वाचनालयाचा चालू कॉम्प्युटर भंगारात घालायचा का? समितीला हा सवाल मी पत्रक काढूनच विचारला, कारण काष्टी गावचा भंगारवाला भाव करून गेला होता.

वाचनालयाचे कारकून पत्रकाने हलणारे नाहीत. चहा शिळा असेल तर पाहुण्यालाही सांगतात, "सकाळचा हाय." माझं पत्रक वाचून म्हणाले, "लई लांबलंय."

समितीला खात्री पटावी म्हणून मी व्हर्च्युअल मशीन टाकलं, म्हणजे विंडोजच्या पोटात लिनक्स, जुन्या कॉम्प्युटरवरही चालणारी फुकट आणि मुक्त प्रणाली. समतेच्या जोशात जवळजवळ सगळी मेमरी लिनक्सलाच देऊन टाकली, विंडोजला श्वास घ्यायलाही उरली नाही. समिती जमली, मी सॉफ्टवेअरच्या स्वातंत्र्यावर बोलू लागलो आणि कॉम्प्युटर गोठला. पडद्यावरचा बाणही हलेना.

कारकुनांनी पायानेच कॉम्प्युटरची पिन ओढली. "लाईट गेली," ते म्हणाले.

डोक्यावर पंखा फिरत होता. अध्यक्षांनी वर पाहिलं. "गेलीच म्हनायची," म्हणाले आणि निर्णय सोमवारवर ढकलला.

नंतर मी आभार मानायला गेलो. "तुझं लिनक्स मला कळलं न्हाई," कारकून म्हणाले, "पन तुझं तोंड बघवंना."

तुमच्या घरी जुना कॉम्प्युटर बंद पडून असेल, तर त्यातली मेमरीची पट्टी सोमवारच्या आत वाचनालयात द्या. कारकुनांना पुन्हा खोटं बोलायला लावू नका.