सतरा मुलांचं बिरडं

मी निवृत्त अव्वल कारकून आहे, त्यामुळे खिचडीतलं मला सगळं कळतं. निदान गेल्या वर्षापर्यंत माझी तशी समजूत होती.

झालं असं, की माझी साडेतीन वर्षांची नात ओवी हिचं वजन तीन महिने जागचं हललं नाही. आमच्या गावच्या अंगणवाडीत सुनंदाताई दर महिन्याला मुलांना काट्यावर उभं करतात आणि तक्त्यावर टिंब देतात. हिरवा पट्टा चांगला, पिवळा काळजीचा. ओवीचं टिंब घसरत घसरत पिवळ्याच्या काठावर येऊन बसलं. त्या संध्याकाळी माझी सून सुप्रिया (ही अलिबागला नोकरीला जाते आणि सहसा कोणासमोर रडत नाही) भाजी निवडता निवडता रडली. म्हणाली, "आबा, मी दिवसभर घरात नसते. माझंच कुठेतरी चुकतंय."

मला ते ऐकवेना. चूक सुनेची नव्हती, याबद्दल माझी खात्री होती. चूक अंगणवाडीत मिळणाऱ्या खिचडीची होती.

पुरावा रोज माझ्या डोळ्यांसमोर होता. ओवीला सकाळी सोडायला आणि दुपारी आणायला मीच जातो. दुपारी बघावं तर हिची ताटली जशीच्या तशी भरलेली! (बाकीच्या ताटल्यांकडे मी पाहिलं नाही. आपली फाइल सोडून दुसऱ्याच्या टेबलावर डोकवायचं नाही, ही माझी जुनी सवय.)

"सुनंदाताई, ही खिचडी आहे की भिंतीला द्यायचा रंग?"

"आबा, दोन घास खाऊन तं बगा."

"खायची काय गरज? दिसतंय ना."

तिथे एक वही असते. पालकांनी अन्न चाखायचं आणि वहीत अभिप्राय लिहायचा. पहिल्या दिवशी मी न चाखताच लिहिलं, 'रंग पिवळा. भाजी आढळून आली नाही. खुलासा व्हावा.' दुसऱ्या दिवशी, 'कालचा खुलासा अद्याप अप्राप्त.' तिसऱ्या दिवशी, 'स्मरणपत्र क्रमांक एक.' चौथ्या दिवशी सुनंदाताईंनी वहीच मिटली.

"आबा, तुमीच एक दिस काय तं पौष्टिक बनवून आना नं. पोरं खातील."

समोर चार आया बसलेल्या. माघार कशी घेणार? मी छाती काढून म्हणालो, "आणतो. वालाचं बिरडं. सतराच्या सतरा मुलांना पुरेल एवढं."

घरी आल्यावर बायकोने एकच प्रश्न विचारला. "सोलणार कोण?"

"आपण."

"आपण म्हणजे?"

या प्रश्नाचं उत्तर मला दोन दिवसांनी मिळालं. कडवे वाल भिजवून, फडक्यात बांधून, मोड आणून झाले की एकेक दाणा चिमटीत धरून सोलायचा असतो. एकेक! सतरा मुलांचे दाणे किती होतात, हे ज्याला जाणून घ्यायचं असेल त्याने माझ्या अंगठ्याला विचारावं. जरा जोर जास्त झाला की दाणा चिमटीतून सुटतो आणि थेट चष्म्यावर बसतो. बायको शेजारी बसून फक्त गळालेले दाणे मोजत होती. कामावरून आलेली सुप्रिया मात्र पर्स ठेवून माझ्यासोबत सोलायला बसली. "आबा, हे तरी ती खाईल ना हो?" तिच्या तोंडावर कित्येक दिवसांनी जरा आशा दिसली, म्हणून मी अंगठ्याचं दुःख गिळलं.

दुसऱ्या दिवशी ओलं खोबरं, गूळ, आमसूल घालून मऊसूत शिजवलेल्या बिरड्याचं पातेलं घेऊन आम्ही अंगणवाडीत गेलो. सुप्रियाने अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती. मुलांनी पहिला घास घेतला, आणि मग तिथे फक्त बोटं चाटल्याचे आवाज येऊ लागले. एकाने तर तीनदा मागून घेतलं. मी आयांकडे असा बघत होतो, जणू आता हारतुरे येणार.

ओवीची ताटली भरलेलीच होती.

"खा की गं," मी म्हणालो.

"नको."

"सुनंदाताई, हिला भरवण्याची तुमची पद्धतच चुकतेय," मी कडाडलो.

सुनंदाताई शांतपणे म्हणाल्या, "आबा, आज सोला पोरांनी बिरडं खाल्लं. काल सोला पोरांनी खिचडी खाल्ली. दोनी बारीला एकच पोर उपाशी. म्हंजी दोष खिचडीचा न्हाय आन बिरड्याचा पन न्हाय." मग त्यांनी ओवीला मांडीवर घेतलं. "बाय, भूक न्हाय लागली?"

"पोट भरलंय."

"कशानी गो?"

"बिकिटानी. आबा देतो, रस्त्यात." आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा कुजबुजत्या आवाजात ती पुढे म्हणाली, "आईला सांगायचं नाही."

मी घाईघाईने म्हणालो, "दोनच देतो हो."

"पुडा," ओवी म्हणाली. मुलं खोटं बोलत नाहीत हा मोठाच दोष आहे त्यांच्यात.

आया हसल्या. सुप्रिया हसली नाही. तिने माझ्या खिशातून उरलेला पुडा काढला. मी माझी बाजू मांडली. पुड्यावर दुधाचा भरलेला पेला छापला होता, गव्हाच्या ओंब्या छापल्या होत्या, 'शक्ती' असं ठळक अक्षरांत छापलं होतं. छापील कागदावर विश्वास ठेवायचा नाही तर माझ्यासारख्याने कशावर ठेवायचा? हे पेले छापणारे लोक उजळ माथ्याने फिरतात आणि पकडला जातो आजोबा! माझा संताप अजूनही गेलेला नाही.

"मागे वाचा," सुप्रिया म्हणाली. मागे मुंगीएवढ्या अक्षरांत मैदा, साखर आणि तेल होतं. पेलाभर दूध शोधून मला सापडलं नाही. मग ती अगदी हळू म्हणाली, "तीन महिने मी स्वतःला दोष देत होते, आबा." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती रडत होती तेव्हा तिची समजूत मीच घातली होती, आणि तेव्हाही खिशात पुडा होता.

बिस्किटं बंद झाली तशी ओवी खिचडी खाऊ लागली, वर पुन्हा मागू लागली. (मीही शेवटी दोन घास चाखले. चांगली होती. राग आला.) टिंब हिरव्यात परतलं.

तरीही माझ्यावरचा विश्वास काही परतला नाही. रोज सकाळी अंगणवाडीच्या दारात मी दोन्ही खिसे उलटे करून उभा असतो, आणि झडतीचं काम सुप्रियाने ओवीकडे सोपवलंय. परवा चिक्कीचा एवढासा तुकडा सापडला. ओवीने तो तिथेच जप्त करून सुनंदाताईंकडे जमा केला. बत्तीस वर्षांच्या नोकरीत इतका प्रामाणिक अधिकारी मी पाहिला नव्हता, आणि पाहिला तो माझ्याच चौकशीवर नेमलेला!