बुटावरचा मोजा

दुपारचं जेवण उरकून वत्सलाबाई टिपणीस आरामखुर्चीत टेकतात. मांडीवर मुलांच्या मासिकासाठी लिहिलेला लेख आहे. जिथे ठिपकेच, म्हणजे बिंदूच नाहीत, अशा भूमितीत अंतर मोजायचं कसं, हा विषय. आज टपालात पडायला हवा, पण सकाळीच त्यांनी त्यावर पेन्सिलीने फुली मारलीय. कारण मुळगुंद सर, त्यांचे पीएचडीचे मार्गदर्शक. सर जाऊन अकरा वर्षं झाली. त्यांची तुच्छता मात्र अजून ठणठणीत आहे.

डोळे जड होतात. पंख्याची घरघर कॉलेजच्या वर्गात शिरते. फळ्यासमोर सर उभे आहेत. बाक मात्र एसटी स्टँडचे, आणि सरांनी बुटांवरून मोजे चढवलेत.

"ऑपरेटर अल्जिब्रा, पीएचडीचा विषय, आणि मुलांना?" मेलेली पाल धरावी तसा सर लेख दोन बोटांत धरतात. "मोजे काय, बूट काय. गणित आहे की चपलांचं दुकान?"

बाई तिसरीतल्या मुलाला सांगावं तसं सांगतात. क्रम बदलला की उत्तर बदलतं, ते मोज्या-बुटांवरून कळतं. आधी एक पाऊल चालून मग जमिनीची उंची मोजणं आणि आधी उंची मोजून मग चालणं, यांत पडतो तो फरक म्हणजे चढ. एका पावलाला एका पायरीहून जास्त चढ नको, एवढी अट पाळून जमीन मनाने हवी तशी उंचसखल करायची; तसं करून दोन जागांच्या उंचीत जास्तीत जास्त जितका फरक पाडता येईल, तितकं त्यांचं अंतर. टेप लागत नाही. ठिपके नसले तरी हीच युक्ती चालते.

"पोरखेळ," सर म्हणतात.

सरांच्या वर्गात चाळीस जण बसायचे. कळायचं कुणालाच नाही, आणि सर त्यालाच विषयाची खोली समजायचे.

वर्गाचा आता देवळाबाहेरचा कट्टा झालाय. सर वाकून बूट ओढताहेत. लालबुंद झालेत.

"टिपणीस, हा निघत नाही."

"शेवटी काय घातलंत, सर?"

"मोजा."

"मग आधी काय काढाल?"

सर एकदा बुटाकडे, एकदा मोज्याकडे बघतात. मग मोजा काढून बाईंच्या हातात देतात. "क्रमाचा प्रश्न होता," ते म्हणतात, जणू शोध त्यांचाच.

"पान तिसरं, सर. तेच लिहिलंय."

जाग येते तेव्हा लेखावर एक काळा मोजा पडलेला असतो. बाई तो उलटून पाहतात. आतल्या बाजूला बुटाचं पॉलिश लागलंय.

त्या फुली खोडतात. लेखासोबत मोजाही पाकिटात सरकवतात आणि चित्रकारासाठी चिठ्ठी लिहितात: बूट आत, मोजा बाहेर. चेहरा कुणाचाही चालेल.