उशीर झालेल्यांची पानं

टेक्ससमधल्या फ्रिस्कोत आमच्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ आपल्या मुलीकडे राहायचे. मूळचे पश्चिम आफ्रिकेतल्या एका छोट्या देशाचे. आधी शाळामास्तर, मग मंत्री, मग इथे अमेरिकेत राजदूत. मी त्यांना काका म्हणायची, ते मला मॅडम. कचऱ्याचा डबा रस्त्यावर ठेवायलासुद्धा सूट-टाय घालून यायचे. मला हसू यायचं, पण माणूस मोठा गोड.

ते राजदूत असताना तिकडे लष्करानं सरकार उलथवलं. मंत्रिमंडळाची बैठक चालू होती, तिथूनच सगळ्यांना ट्रकमध्ये घालून नेलं. त्यात काकांचा धाकटा भाऊही होता. काका इथे आल्यावर त्यांचं मंत्रिपद त्यालाच मिळालं होतं. नेलेल्यांचं पुढे काय झालं, कुणीच सांगितलं नाही. हे सगळं मला त्यांच्या मुलीकडून कळलेलं. काका त्यावर अवाक्षर काढायचे नाहीत.

एका शनिवारी मुलीचा कॉल आला, "हॉस्पिटलमध्ये ड्यूटीवर अडकलेय गं, बाबांना जेवायला देशील?" मी वरणभात घेऊन गेले. टेक्ससची टळटळीत दुपार, आणि आत सगळे पडदे ओढलेले. लांबलचक टेबलावर ओळीनं ताटं, प्रत्येक ताटाशेजारी पाण्याचा भरलेला ग्लास. घरात माणूस मात्र एकच.

"सीनियॉरिटीप्रमाणे मांडलंय," काका म्हणाले. "भाऊ सगळ्यांत ज्युनियर, म्हणून दाराजवळ." आणि टाय नीट करायला आत गेले.

मी पडले आगाऊ. म्हटलं, आज यांच्याकडे श्राद्धासारखं काहीतरी असणार. आपल्याकडे गेलेल्यांचं पान आधी वाढतात, मग घरच्यांचं. यजमानाचं ताट तेवढं सोडलं आणि बाकी प्रत्येक ताटात भाताची मूद घालून वर वरण ओतलं.

काका बाहेर आले आणि दारातच थबकले.

"मॅडम, पाहुणा येईपर्यंत आम्ही ताट रिकामं ठेवतो. कितीही उशीर झाला तरी. तुमच्याकडे न आलेल्याला वाढतात?"

हा माणूस इतकी वर्षं वाट बघत होता, आणि मी त्याच्या माणसांना वाढून मोकळी झाले होते. एरवी माझी जीभ कात्रीसारखी चालते. त्या वेळी एक साधी थाप मारता आली नाही.

"जे गेले, त्यांनाच वाढतात," मी म्हणाले.

काकांनी भावाच्या जागेकडे पाहिलं. मीही पाहिलं. वाढताना ती खुर्ची टेबलाला चिकटून होती. आता ती बाहेर ओढलेली होती, कुणी नुकतंच बसावं तशी. मी तिला हात लावला नव्हता.

काकांना त्याचं काहीच नवल वाटलं नाही. त्यांनी यजमानाच्या जागेवरचं आपलं ताट उचललं, भावाच्या शेजारी आणून ठेवलं आणि शांतपणे बसले.

"मग मलाही वाढा."

पातेल्यात भात होता.

"संपला, काका," मी म्हणाले.