कॅमेऱ्यासोबत आवाज फुकट

निवृत्त माणसानं जुनी गाडी घेऊ नये, आणि घेतलीच तर तिच्या अंगाखांद्याकडं फार बारकाईनं बघू नये. मी दोन्ही केलं. तहसील कचेरीतून सुटल्यावर हौसेनं एक सेकंडहँड गाडी घेतली, गल्लीभर पेढे वाटले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या डाव्या दारावर हातभर ओरखडा दिसला. गाडी गेटच्या आत उभी. माझा असा संताप झाला की हातातला चहा तसाच निवून गेला.

"आधीपासून असेल," बायको म्हणाली.

"आधीपासून? घेताना भिंग लावून बघितलीय मी!"

मग समोरच्या आक्कांना विचारलं. लोहाऱ्यातल्या आमच्या गल्लीत आमच्या गेटासमोरच आक्कांचा ओटा आहे. भाकरी झाल्या की त्या सूप घेऊन ओट्यावर येतात, ते दिवस कलेपर्यंत तिथंच. तूर निवडतील, लसूण सोलतील, काहीच नसलं तर नुसत्या बसतील. आम्ही कुठं बाहेर निघालो की बायको गेटातून हाक देते, "आक्का, घराकडं बघा हो!" परत आलो की कोण आलं होतं, काय विचारलं, आक्कांनी काय सांगितलं, याचा साग्रसंगीत अहवाल मिळतो. मला त्या अहवालाचा फार कंटाळा. पण या खेपेला तोच हवा होता.

"न्हाय वो सायेब," सुपातून मान वर न करता आक्का म्हणाल्या. "माजं ध्यानच नव्हतं."

ज्या बाईला गल्लीत शिरलेली परकी कोंबडी कुणाच्या घरची ते सांगता येतं, तिचं नेमकं माझ्याच गाडीकडं ध्यान नसावं! आता यंत्रच पाहिजे, असं मी ठरवलं. बायकोला गप्प करायला एक मुद्दाही काढला. येळवशीला, म्हणजे वेळा अमावस्येला, सगळं गाव शेतात कडब्याची कोपी उभारून पूजेला आणि जेवायला जातं, आक्काही जातात, मग त्या दिवशी घर कुणाच्या भरवशावर?

"चोर पण येळवशीला शेतातच जेवत असेल की," ती म्हणाली.

मी तिचं ऐकलं असतं तर हे लिहायची वेळ आली नसती. पण मी मोबाइलवर कॅमेऱ्यांचे व्हिडिओ बघायला लागलो होतो. त्यातला माणूस 'ड्राइव्हवे, ड्राइव्हवे' म्हणायचा. आमच्याकडं त्याला गाडी लावायची जागा म्हणतात आणि उन्हाळ्यात तिथं पापड वाळतात. तरी मी मेगापिक्सेल शिकलो, अंधारातली नजर शिकलो, लाइट गेल्यावर कोणता कॅमेरा डोळे मिटतो आणि कोणता बॅटरीवर तग धरतो ते शिकलो. कचेरीत आयुष्यभर एकही टिपणी इतकी मन लावून वाचली नव्हती. बायकोला जेवताना लेन्सचे कोन समजावून सांगायचो. तिनं वाढायचं थांबवलं की समजायचं, आता आवरतं घ्यावं.

धाराशिवच्या दुकानात दोन कॅमेरे परवडण्यासारखे निघाले. एक साधा, त्याला फक्त गाडी दिसणार. दुसरा तेवढ्याच किमतीत अख्खी गल्ली बघणारा, आणि वर आवाजही टिपणारा.

"तुम्हाला फक्त गाडीच बघायचीय ना?" दुकानदारानं विचारलं. "मग साधा घ्या."

म्हणजे तेवढ्याच पैशात कमी घ्या! मी काय इतका खुळा? ज्याला जास्त दिसतं आणि शिवाय फुकटात ऐकू येतं, तोच मी उचलला. येताना वाटभर मला वाटत होतं, दुकानदाराला कसा गंडवला!

कॅमेरा गेटाच्या खांबावर बसला. हललेलं काही दिसलं की तो मोबाइलला खबर द्यायचा. पहिल्या दिवशी त्यानं शेळी पकडली, मांजर पकडलं, वाळत घातलेलं लुगडं पकडलं आणि सगळ्यात जास्त वेळा मला पकडलं. स्वतःच्याच दारात मी अट्टल संशयित ठरलो. चोराचा मात्र पत्ता नाही. तरी माझी ऐट अशी, की दूधवाल्यालासुद्धा मोबाइल दाखवल्याशिवाय सोडत नव्हतो.

त्याच ऐटीत मी माती खाल्ली. संध्याकाळी गेटापाशी दोनचार बायका बोलत उभ्या होत्या, आक्काही त्यांच्यात होत्या. मी मोबाइलवर दुपारची चित्रफीत लावून तो पुढं केला. त्यात आक्कांचा ओटा स्वच्छ दिसत होता, ओट्यावर एकट्या आक्का, आणि त्यांचा आवाज येत होता, "अवं, ऐकलं का..."

"आक्का, ओट्यावर तर दुसरं कुणीच नाही!" मी मोठ्यानं म्हणालो. "एकट्याच बडबडायला लागलात की!"

बायका हसल्या. मी तर सगळ्यांत जास्त हसलो. आक्कांनी पदर पुढं ओढला आणि त्या घरात गेल्या.

दुसऱ्या दिवशी ओटा रिकामा. तिसऱ्याही दिवशी. मला वाटलं आजारी असतील, पण बायको जाऊन बघून आली. आक्का घरामागं, जिथून भिंतीशिवाय काही दिसत नाही अशा जागी लसूण सोलत बसल्या होत्या.

"तुम्ही त्यांना ओट्यावरनं उठवलंत," ती म्हणाली.

"मी? असं काय होतं त्यात?" मी चिडलो, आणि माझं म्हणणं खरं करायला ती चित्रफीत पुढं लावली.

आक्कांचे मालक जाऊन बरीच वर्षं झाली. ते ओट्याच्या उजव्या कोपऱ्यात बसायचे. चित्रफितीत तो कोपरा मोकळा होता आणि आक्का तिकडं तोंड करून बोलत होत्या.

"अवं, ऐकलं का, पोरानं येळवशीसाटी कडबा काडून ठिवलाय. कोपी औंदा चांगली हुईल. तुमी करत हुता तशी न्हाय, पर हुईल." मग थोडा वेळ नुसतं सूप वाजत होतं. "आन सायबानं क्यामेरा बसिवलाय बगा. गाडीला कुनी वरखाडलं त्ये धरायला. आता म्या कसं सांगू? आनली त्याच दिशी त्येंनीच गेटाच्या कडीला घासली. पर पेड्याचा पुडा घिऊन असे ल्हान पोरावानी उतरले, म्हनलं ऱ्हाऊ द्या."

मी तिथंच बंद केलं. बायको माझ्याकडं बघत होती, पण हसली नाही. ती हसली असती तर बरं झालं असतं. गेटाशी जाऊन कडी बघितली. तिच्यावर माझ्या गाडीचा रंग लागलेला होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. पण त्याहून जास्त लाज मला त्या हसण्याची वाटली. एका बाईचं खाजगी बोलणं मी गल्लीत हसण्यावारी नेलं होतं, आणि ती मात्र माझी फजिती नवऱ्याखेरीज कुणाला सांगत नव्हती.

कॅमेरा उतरवला, सगळ्या चित्रफिती पुसल्या आणि आक्कांच्या घरामागं गेलो.

"आक्का, कॅमेरा काढून टाकला."

"का वो? चांगला हुता की."

"कशाचा चांगला! स्वस्तातला माल. आवाज तर धड येतच नव्हता. परवा ते 'ऐकलं का' एवढंच आलं, पुढं नुसती खरखर."

आक्कांनी हातातला लसूण खाली ठेवला. "खरखर?"

"नुसती खरखर," मी पायातल्या चपलांकडं बघत म्हणालो.

"मंजी दुकानदारानं फसिवलं की तुमाला."

"चांगलंच फसवलं. आणि आक्का, तो ओरखडा मीच केला होता. गेटाच्या कडीला रंग सापडला."

"व्हय?" आक्का म्हणाल्या, जणू आत्ताच ऐकत होत्या. "आसू द्या. हुतंय आसं."

दुसऱ्या दिवशी मी गाडी धूत होतो तेव्हा आक्का सूप घेऊन ओट्यावर आल्या. उजवा कोपरा सोडून बसल्या. तूर निवडता निवडता दोनदा त्यांनी आमच्या खांबाकडं बघितलं. मग त्यांचे ओठ हलायला लागले. मी नळ धो धो सोडला आणि त्यांच्याकडं पाठ करून दार घासत राहिलो. पाणी वाया चाललंय म्हणून बायको आतून ओरडत होती, पण मी नळ बंद केला नाही.